जमिनीखाली आणि जमिनीवर : कॅनडाच्या शहरांतील पादचारी

कॅनडातील नगररचनेने पादचाऱ्याकडे दुर्लक्ष केले, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. लाकडी फळ्यांचे पदपथ, काचेने बंदिस्त केलेले पूल, ऊबदार भुयारी मार्ग, हात पुढे करून रस्ता ओलांडण्याची शिस्त आणि हत्तीचे चित्र असलेले शाळांचे झेंडे अशा नाना योजना गेल्या दोनशे वर्षांत त्याच्यासाठी आखल्या गेल्या, आणि त्यांतील काही जगभर नावाजल्याही गेल्या. मात्र या योजना एकत्र ठेवून पाहिल्या, तर बहुतेकींचा परिणाम सारखाच झालेला दिसतो : पायी चालणारा माणूस रस्त्याच्या पृष्ठभागावरून बाजूला, वर किंवा खाली नेला गेला आणि मोकळा झालेला पृष्ठभाग वाहनांच्या वाट्याला आला. या स्थलांतराचे समर्थन कधी सुरक्षिततेच्या, कधी सोयीच्या, तर पुष्कळदा कडाक्याच्या थंडीच्या नावाने केले गेले. परंतु थंडी त्या देशात पहिल्यापासून होती आणि हे स्थलांतर मात्र मोटारीबरोबर आले, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

१८३४ मध्ये यॉर्क या वसाहतीला नगराचा दर्जा मिळून तिचे नाव टोरांटो झाले, तेव्हा बर्फ वितळण्याच्या दिवसांत तेथील रस्त्यांवर इतका चिखल होई की ‘चिखलाचे यॉर्क’ हेच त्या गावाचे टोपणनाव पडले होते. पहिले महापौर विल्यम लायन मॅकेन्झी, ज्यांनी पुढे १८३७ मध्ये वसाहतीच्या सरकारविरुद्ध सशस्त्र उठाव केला, त्यांच्या नगरपालिकेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत फळ्यांचे पदपथ होते. त्यासाठी वाढवलेला कर नागरिकांना रुचला नाही आणि पुढच्याच निवडणुकीत मॅकेन्झींना पद गमवावे लागले; पदपथ सर्वांना हवा असतो, पण त्याचा खर्च कोणालाच नको असतो, हा पालिका कारभारातील अनुभव कॅनडातही इतका जुना आहे. हे पदपथ चिखलातून सुटका करण्यासाठी होते, वाहनांपासून बचाव करण्यासाठी नव्हते. रस्त्याच्या मधोमध चालणे, तेथे थांबून बोलणे, माल मांडणे किंवा मुलांनी खेळणे यांत कोणाला वावगे वाटत नसे. १८६१ मध्ये टोरांटो आणि मॉन्ट्रियल या दोन्ही शहरांत घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या आणि १८९२ मध्ये त्या विजेवर धावू लागल्या, तरी ट्राममधून उतरणारा प्रवासी थेट रस्त्याच्या मध्यावरच पाऊल ठेवत असे. टोरांटोत तो बहुतेक ठिकाणी आजही तसाच उतरतो, आणि म्हणूनच ट्रामचे दरवाजे उघडे असताना मागून येणाऱ्या वाहनाने दोन मीटर अंतरावर थांबलेच पाहिजे, असा नियम ऑन्टारिओ प्रांताच्या कायद्यात आहे.

मोटार आली तेव्हा कायद्याने तिच्याकडे आगंतुक म्हणूनच पाहिले. ऑन्टारिओने १९०३ मध्ये मोटारींना वेगमर्यादा घातली, ती ताशी १५ मैलांची होती. अटलांटिक किनाऱ्यावरील प्रिन्स एडवर्ड आयलंड या छोट्या प्रांताने तर १९०८ मध्ये मोटारींवर सरसकट बंदी घातली. घोडे बुजतात, गाड्या उलटतात आणि रस्ते ज्यांच्या करातून बांधले जातात त्या शेतकऱ्यांना त्यांवरून जाणे धोक्याचे होते, अशी त्यामागची तक्रार होती. ती बंदी १९१३ मध्ये काही ठराविक वारांपुरती सैल झाली आणि पुढील काही वर्षांत उठली. याच सावध वृत्तीची एक खूण ऑन्टारिओच्या वाहतूक कायद्यात टिकून आहे. एरवी नुकसानभरपाईच्या दाव्यात दुसऱ्या पक्षाची चूक सिद्ध करण्याचा भार, ज्याला कायद्याच्या भाषेत पुराव्याचा भार म्हणतात, दावा लावणाऱ्यावर असतो. पण मोटारीने पादचाऱ्याला इजा केली असेल, तर आपला निष्काळजीपणा नव्हता हे दाखवण्याची जबाबदारी मोटारचालकावर येते. मोटार ही स्वभावतःच धोकादायक वस्तू आहे आणि जो ती रस्त्यावर आणतो त्याने जाब द्यावा, हे तत्त्व या तरतुदीत गृहीत धरलेले आहे.

हे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात राहिले आणि रस्त्यावरची समजूत मात्र उलट दिशेने बदलली. १९०४ मध्ये विंडसरजवळच्या वॉकरव्हिल येथे फोर्डचा कारखाना निघाला, १९१८ मध्ये ओशावा येथे जनरल मोटर्सची कॅनडातील कंपनी उभी राहिली, आणि दक्षिण ऑन्टारिओतील गावेच्या गावे मोटारीवर पोट भरू लागली. ज्या उद्योगावर प्रांताची भरभराट अवलंबून आहे, त्याच्या उत्पादनाला आगंतुक मानणे फार काळ शक्य नव्हते. दोन महायुद्धांच्या दरम्यान मनमानीपणे रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला गावंढळ आणि बेशिस्त ठरवणारा अमेरिकेतील प्रचार कॅनडातही पोहोचला, आणि अपघात झाला की चालणाऱ्याने नीट पाहिले होते का, हा प्रश्न आधी विचारला जाऊ लागला.

१९४७ मध्ये टोरांटोत अवतरलेला ‘एल्मर’ नावाचा हत्ती हे या बदललेल्या समजुतीचे सर्वांत गोड रूप होय. शहराचे महापौर रॉबर्ट सॉन्डर्स यांनी डेट्रॉइटमध्ये मुलांच्या सुरक्षिततेचा एक उपक्रम पाहिला होता. त्या धर्तीवर टोरांटो पोलिसांनी एका वृत्तपत्राच्या साहाय्याने ही मोहीम काढली आणि डिस्नेच्या चित्रपटांसाठी काम केलेले चित्रकार चार्ल्स थॉर्सन यांनी हत्तीचे चित्र रेखाटले. हत्ती काही विसरत नाही, म्हणून मुलांनीही दोन्हीकडे पाहूनच रस्ता ओलांडण्याचा नियम विसरू नये, असा त्याचा आशय होता. ज्या शाळेच्या विद्यार्थ्यांना अपघात होत नसे, तिच्या आवारात एल्मरचा झेंडा फडके आणि अपघात झाल्यास तो काही काळ उतरवला जाई. या मोहिमेने अनेक मुलांचे प्राण वाचले असतील, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तरीही त्या झेंड्याचा अर्थ बारकाईने पाहण्यासारखा आहे : अपघात मोटारीने केला तरी मान खाली जाई ती शाळेची, आणि ज्या रस्त्यावर तो घडला तो रुंद आणि वेगवान रस्ता आहे तसाच राही.

पुढच्या दशकात ही जबाबदारी पोलिसांकडून अभियंत्यांकडे गेली. टोरांटो आणि भोवतालची गावे मिळून १९५४ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली होती. तिने १९५८ पासून सिग्नल नसलेल्या ठिकाणी पादचाऱ्यांसाठी खुणेचे पट्टे आखले. तेथे माणसाने हात पुढे करून आपला इरादा दाखवायचा आणि चालकाने थांबायचे, अशी पद्धत होती. १९६३ मध्ये याच महानगराने वाहतुकीचे सिग्नल संगणकाने चालवण्याची, जगात पहिली मानली जाणारी, व्यवस्था सुरू केली. वाहनांचा खोळंबा कमी करणे हा तिचा हेतू होता. चालणाऱ्याला किती वेळ थांबावे लागते, हे त्या काळच्या वाहतूकशास्त्रात मोजण्याजोगे मूल्यच नव्हते.

याच सुमारास पादचाऱ्याला रस्त्यावरून पूर्णपणे उचलण्याची कल्पना रूढ झाली. तिची मुळे जुनी होती, कारण टोरांटोतील ईटन या मोठ्या दुकानाने १९०० मध्येच आपल्या दोन इमारती भुयाराने जोडल्या होत्या. मॉन्ट्रियलमध्ये रेल्वेच्या एका मोठ्या खणलेल्या चरावर १९६२ साली प्लास व्हिल मारी हा इमारतसमूह उभा राहिला. नगररचनाकार व्हिन्सेंट पाँट यांनी त्याच्याखालच्या दुकानांच्या गल्ल्या शेजारच्या इमारतींना जोडण्याचा पुरस्कार केला. १९६६ मध्ये मेट्रो धावू लागली, तेव्हा स्थानकांवरील जागा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने विकासकांना देऊन त्यांच्या इमारती स्थानकांशी जोडून घेण्यात आल्या, आणि त्यातून वाढत गेलेले जाळे आज तीस किलोमीटरांहून अधिक लांब आहे. टोरांटोतही १९६० च्या दशकापासून नगररचना विभागाच्या प्रोत्साहनाने असेच जाळे पसरले. कॅल्गरीने उलट दिशा धरली. तेथे नगररचनाकार हॅरॉल्ड हॅनन यांच्या कल्पनेतून रस्त्यापासून पंधरा फूट उंचीवरून इमारतींना जोडणारे बंदिस्त पूल बांधण्यास १९७० मध्ये सुरुवात झाली, म्हणून त्या जाळ्याचे नावच ‘प्लस फिफ्टीन’ असे पडले. पूल बांधून देणाऱ्या विकासकाला जादा चटई क्षेत्र, म्हणजे त्याच भूखंडावर अधिक बांधकाम करण्याची मुभा मिळत असे. या जाळ्यामुळे उणे तीस अंशांतही माणूस कोटाशिवाय कचेरीतून उपाहारगृहात जाऊ शकतो, ही सोय खरीच. पण हे मार्ग बहुतांशी खासगी इमारतींच्या पोटातून जातात, रात्री त्यांची दारे बंद होतात, कोणाला बसू द्यायचे आणि कोणाला हटकायचे हे सुरक्षारक्षक ठरवतात, आणि खालच्या रस्त्यावरची दुकाने गिऱ्हाइकांविना ओस पडतात. मुंबईत २००८ मध्ये वांद्र्याच्या पूर्वेला पहिला स्कायवॉक झाला, तेव्हाही फेरीवाले आणि वाहनांनी व्यापलेल्या रस्त्याला हात न लावता माणसांनाच वर चढवण्याचा मार्ग पत्करला गेला होता. फरक इतकाच की मुंबईकराने अनेकदा जिने टाळून खालूनच जाणे पसंत केले. कॅनडाच्या एका शहरात मात्र खालून जाण्याचा पर्यायच कायद्याने बंद करण्यात आला.

ते शहर म्हणजे मॅनिटोबा प्रांताची राजधानी विनिपेग. तेथील पोर्टेज अव्हेन्यू आणि मेन स्ट्रीट हे दोन रस्ते मुळात केसाळ कातड्यांच्या व्यापारातील बैलगाड्यांच्या वाटा होत्या. एक अ‍ॅसिनिबॉइन नदीच्या कडेने पश्चिमेकडे जाई आणि दुसरी रेड नदीला समांतर उत्तरेकडे जाई. अनेक गाड्या शेजारी शेजारी चालत असल्याने या वाटा मुळातच प्रशस्त होत्या आणि पुढे त्या १३२ फूट रुंदीचे रस्ते झाल्या. १८६२ मध्ये हेन्री मॅकेनी यांनी त्यांच्या संगमावर दुकान थाटले, तेव्हा नदीपासून इतक्या दूर कोण येणार, अशी त्यांची थट्टा झाली होती. काही दशकांतच त्या चौकाभोवती बँका आणि धान्य व्यापाऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. विजयाचे जल्लोष आणि निषेधाच्या सभा तेथेच होऊ लागल्या, आणि देशातील सर्वांत वाऱ्याचा चौक असा त्याचा लौकिक झाला.

१९७० च्या दशकात शहराच्या मध्यभागाला उतरती कळा लागली असताना पालिकेने या चौकात उंच इमारत बांधू इच्छिणाऱ्या विकासकाशी १९७६ मध्ये करार केला. चौकाच्या खाली दुकाने असलेला एक वर्तुळाकार भुयारी मार्ग बांधायचा आणि त्या दुकानांना गिऱ्हाईक मिळावे म्हणून वर रस्ता ओलांडण्यास चाळीस वर्षे मनाई ठेवायची, असा त्या कराराचा गाभा होता. त्याप्रमाणे १९७९ मध्ये चारही कोपऱ्यांवर काँक्रीटचे कठडे उभारले गेले. समोरच्या कोपऱ्यावरील बँकेत जाण्यासाठी जिना उतरणे, गोल फिरून योग्य दार शोधणे आणि पुन्हा जिना चढणे आवश्यक झाले. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तींना लिफ्ट चालू असण्यावर विसंबावे लागे आणि परगावचा माणूस तर खाली हमखास दिशा चुके. या निर्णयाचे समर्थन सुरक्षितता आणि वारा या दोन कारणांनी होत राहिले, पण कराराची भाषा मुख्यतः दुकानांच्या हिताची होती. पादचाऱ्याच्या संरक्षणासाठी म्हणून उभी राहिलेली व्यवस्था प्रत्यक्षात कोणाच्या हिशेबात बसते, हे दाखवणारे याहून स्वच्छ उदाहरण कॅनडाच्या नागरी इतिहासात सापडणे कठीण आहे.

कराराची मुदत सरत आली तसा वाद पेटला. चौक खुला करण्याचे आश्वासन देऊन ब्रायन बोमन २०१४ मध्ये महापौरपदी निवडून आले होते, पण २०१८ च्या पालिका निवडणुकीबरोबर घेतलेल्या सार्वमतात सुमारे ६५ टक्के मतदारांनी विरोधात कौल दिला. रोज मोटारीने त्या चौकातून जाणाऱ्या उपनगरवासीयांना सिग्नलवर वाया जाणाऱ्या मिनिटांची धास्ती होती, आणि चौकाच्या आसपास पायी वावरणाऱ्यांची संख्या त्यांच्या तुलनेत थोडी होती. चालणाऱ्याच्या हक्काचा प्रश्न चालकांच्या बहुमताने सोडवला की निकाल काय लागेल, हे सांगायला ज्योतिषाची गरज नव्हती. शेवटी चौक उघडला तो कोणत्याही चळवळीमुळे नव्हे, तर गळतीमुळे. भुयाराच्या छतावरील जलरोधक थर निकामी झाला, त्याच्या दुरुस्तीचा अंदाज ७ कोटी ३० लाख डॉलरांवर गेला आणि त्या कामासाठी वाहतूकही काही वर्षे विस्कळीत होणार, हे स्पष्ट झाले. तेव्हा महापौर स्कॉट गिलिंगहॅम यांनी कठडे काढून भुयारच टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा प्रस्ताव मांडला आणि मार्च २०२४ मध्ये पालिकेने तो स्वीकारला. २७ जून २०२५ रोजी, ४६ वर्षांनंतर, लोकांनी तो चौक पुन्हा पायी ओलांडला.

याच्या नेमक्या उलट प्रयोगाची परंपराही कॅनडात आहे, आणि ती संसदेच्या दारातच सुरू झाली. ओटावातील स्पार्क्स स्ट्रीट या बाजारपेठेतून जाणाऱ्या ट्राम १९५९ मध्ये बंद झाल्यावर व्यापाऱ्यांनी वास्तुविशारद वॉटसन बॅलहॅरी यांच्या साहाय्याने १९६० च्या उन्हाळ्यात तो रस्ता वाहनांना बंद करून तेथे बाके, झाडे आणि कारंजी मांडली. दरवर्षीच्या उन्हाळी प्रयोगानंतर १९६७ मध्ये तो कायमचा पादचारी रस्ता झाला. कॅनडातील अशा रस्त्यांत त्याचा मान पहिला समजला जातो. पुढे भोवतालच्या इमारतींत सरकारी कचेऱ्या भरल्या आणि पाच वाजल्यानंतर तेथे शुकशुकाट होऊ लागला. वाहने काढली म्हणजे माणसे आपोआप येतात, ही समजूत तेथे खोटी ठरली, कारण रस्त्याला चालणाऱ्यांइतकीच तेथे राहणाऱ्यांचीही गरज असते. टोरांटोच्या यंग स्ट्रीटवरील उन्हाळी पादचारी पेठ १९७१ ते १९७४ इतकीच टिकली. पण त्याच १९७१ च्या जून महिन्यात ऑन्टारिओचे मुख्यमंत्री बिल डेव्हिस यांनी जुन्या वस्त्यांना छेदून जाणाऱ्या स्पॅडिना द्रुतगती मार्गाचे काम थांबवले. १९६८ मध्ये न्यू यॉर्कहून टोरांटोत राहायला आलेल्या नगरचिंतक जेन जेकब्स त्या मार्गाविरुद्धच्या लढ्यात अग्रभागी होत्या. व्हँकुव्हरमध्येही चायनाटाउन आणि स्ट्रॅथकोना येथील रहिवाशांनी त्याच काळात द्रुतगती मार्ग रोखला; ज्या शहराच्या मध्यभागी असा मार्ग शिरत नाही असे ते उत्तर अमेरिकेतील एक विरळा महानगर आहे, आणि १९९७ च्या वाहतूक आराखड्यात त्याने पादचाऱ्याला पहिला आणि खासगी मोटारीला शेवटचा क्रम दिला.

ही सारी कथा शहरांच्या जुन्या मध्यभागाची आहे, आणि अपघातात मरणारी माणसे मोठ्या प्रमाणात अन्यत्र मरतात. स्कारबरो, एटोबिको, ब्रॅम्प्टन यांसारख्या युद्धोत्तर उपनगरांत सहा पदरी सरळ रस्ते, दूर दूर असलेले सिग्नल आणि दोन सिग्नलांच्या मधोमध बसथांबे अशी रचना आहे. ज्यांच्याकडे मोटार नाही असे नवे स्थलांतरित, विद्यार्थी आणि भारतातून मुलांकडे राहायला आलेले वृद्ध आईवडील तेथे बस पकडण्यासाठी जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात. जानेवारी २०१० मध्ये टोरांटो परिसरात पादचाऱ्यांच्या मृत्यूंची जणू मालिकाच घडली. त्यानंतर ऑन्टारिओच्या मुख्य कॉरोनरच्या, म्हणजे संशयास्पद वा आकस्मिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कार्यालयाने त्या वर्षातील ९५ पादचारी मृत्यूंचा अभ्यास करून २०१२ मध्ये अहवाल दिला. हे सर्व मृत्यू टाळता येण्यासारखे होते, मृतांत ज्येष्ठांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणाहून बरेच जास्त होते, निवासी रस्त्यांवर वेग ताशी ३० किलोमीटर असावा आणि जड ट्रकांच्या बाजूला संरक्षक पट्ट्या बसवाव्यात, असे त्यात म्हटले होते. एल्मरच्या शिकवणीनंतर पासष्ट वर्षांनी एका सरकारी दस्तऐवजाने दोषाचा रोख चालणाऱ्याकडून रस्त्याच्या रचनेकडे वळवला, हे त्या अहवालाचे खरे महत्त्व होय.

त्यामागचे पदार्थविज्ञान साधे आहे. वेग दुप्पट झाला की वाहनाची गतिज ऊर्जा चौपट होते आणि ती सोसण्याची मानवी शरीराची क्षमता मर्यादित असते, म्हणून माणूस चुकणारच असे धरून त्या चुकीला मृत्युदंड होणार नाही असा रस्ता बांधावा, हा विचार स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ या नावाने स्वीकारला होता. कॅनडातील मोठ्या शहरांत एडमंटनने तो २०१५ मध्ये प्रथम उचलला आणि २०२१ मध्ये निवासी रस्त्यांवरील मर्यादा ५० वरून ४० किलोमीटरवर आणली. टोरांटो आणि मॉन्ट्रियल २०१६ मध्ये त्याच वाटेला लागले. मॉन्ट्रियलने एक जुनी शिस्तही सोडली नाही. लाल दिवा असताना उजवीकडे वळण्याची मुभा, जी चौक ओलांडणाऱ्याला अनपेक्षित बाजूने गाठते, उर्वरित क्युबेकने २००३ मध्ये दिली तरी मॉन्ट्रियल बेटावर ती आजही नाही. त्या शहराचे उन्हाळी पादचारी रस्तेही आता स्थिरावले आहेत : सेंट कॅथरीन स्ट्रीटचा पूर्वेकडील भाग २००८ पासून, तर मॉन्ट-रॉयल अव्हेन्यू २०२० पासून. या रस्त्यांच्या वर आणि आजूबाजूला दाट वस्ती आहे, आणि स्पार्क्स स्ट्रीटला जे साधले नाही ते येथे साधण्याचे तेच कारण आहे.

हिवाळ्याचे उत्तरही भुयारात नसून फावड्यात आहे, हे उशिरा का होईना मान्य होऊ लागले. टोरांटोच्या जुन्या भागात घरापुढील पदपथावरचा बर्फ काढणे ही घरमालकाची जबाबदारी होती आणि रस्त्यावरचा बर्फ काढणे ही पालिकेची. म्हणजे मोटारीचा मार्ग सार्वजनिक खर्चाने आणि पायी चालणाऱ्याचा मार्ग शेजाऱ्याच्या मर्जीने मोकळा होई. २०२१-२२ च्या हिवाळ्यापासून पालिकेने पदपथांवर यंत्रे फिरवण्यास सुरुवात केली.

मात्र कॅनडाच्या राज्यघटनेनुसार नगरपालिका या प्रांतिक सरकारच्या अधिकाराखाली येतात, त्यामुळे शहराने रस्त्याबद्दल घेतलेला निर्णय प्रांताला फिरवता येतो. ऑन्टारिओने २०१७ च्या कायद्याने शाळांच्या परिसरात वेग टिपणारे कॅमेरे बसवण्याची परवानगी पालिकांना दिली होती आणि टोरांटोत ते २०२० पासून दंडाच्या नोटिसा पाठवत होते. पालिका हे कॅमेरे पैसे उकळण्यासाठी वापरतात, असा आक्षेप घेऊन प्रांताच्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये कायद्यानेच ते बंद केले आणि त्यांऐवजी गतिरोधक, वर्तुळाकार चौक आणि ठळक पाट्या यांसाठी निधी देऊ केला. यांतील पाट्या महिनाभरात लागू शकतात. रस्ता अरुंद करून त्याची घडण बदलण्याचे काम मात्र चौकाचौकाला नव्याने अंदाजपत्रक, नव्याने सुनावणी आणि नव्याने मतदान मागते.